आंबवलेली मिरची: बरणीतले सूक्ष्मजीव आणि गुणवत्तेची पारख

वास छान येतोय, बुडबुडे सुटतायत, चव आंबट झालीय, म्हणजे मिरची नीट आंबली, असं बहुतेक जण धरून चालतात. यातली एकही खूण सुरक्षिततेची खात्री देत नाही. सुरुवातीचे बुडबुडे नको असलेल्या जीवाणूंचेही असतात. आंबटपणा जिभेला जाणवतो, पण तो पुरेसा आहे की नाही हे जिभेला सांगता येत नाही, तिखटात तर नाहीच. आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या विषाला ना चव असते ना वास.

आंबवलेल्या मिरचीची गुणवत्ता पहिल्या तीन-चार दिवसांत ठरते. तेवढ्या वेळात आम्लता झपाट्याने वाढली, तर पुढचे आठवडे तो माल स्वतःला सांभाळतो. ती रेंगाळली, तर नंतर कितीही व्हिनेगर ओतून किंवा उकळून पूर्ण दुरुस्ती होत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं: पहिले दिवस वाया जाऊ द्यायचे नाहीत, आणि ते वाया गेले नाहीत हे मोजून पाहायचं. घरी एक बरणी लावणाऱ्यालाही हे लागू आहे आणि पिंपांनी सॉस करणाऱ्यालाही.

बरणीत कोण कोण असतं

ताज्या मिरचीच्या सालीवर, देठाशी आणि देठाच्या टोपीखाली असंख्य सूक्ष्मजीव असतात. त्यात मातीतले बॅसिलस असतात, पानांवरचे एंटेरोबॅक्टर आणि त्यांचे भाईबंद असतात, यीस्ट आणि बुरशीचे बीजाणू असतात. आपल्याला हवे असलेले, साखरेचं आंबट लॅक्टिक आम्ल करणारे लॅक्टिक आम्ल जीवाणू यात अगदी थोडे असतात. मीठ टाकून हवा तोडली की चित्र पालटतं. मिठाने मिरचीतलं पाणी आणि साखर बाहेर येते. हवेशिवाय न जगणारे मागे पडतात आणि मीठ सोसून हवेविना वाढू शकणारे पुढे सरसावतात.

पहिली पाळी सहसा ल्युकोनोस्टॉक आणि वाइसेला या जीवाणूंची. ते लॅक्टिक आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइड, थोडं अल्कोहोल आणि थोडं ॲसेटिक आम्लही तयार करतात. सुरुवातीचे जोरदार बुडबुडे आणि फळासारखा वास यांतला बराचसा भाग त्यांचा. आम्लता वाढली की ती त्यांना स्वतःलाच सोसत नाही. मग लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम, लेव्हिलॅक्टोबॅसिलस ब्रेव्हिस आणि पेडिओकोकस ताबा घेतात आणि पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) शेवटच्या टप्प्यापर्यंत उतरवतात. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या मोठ्या कुळाची नव्याने विभागणी झाली. त्यामुळे विरजणाच्या जुन्या पाकिटावर 'लॅक्टोबॅसिलस प्लँटारम' असं लिहिलं असेल, तर तो हाच जीवाणू.

नको असलेले पाहुणे कोण, हेही माहीत हवं. बोट्युलिझमचं विष तयार करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू मातीतून येतात आणि हवा नसलेल्या जागी उगवतात, म्हणजे नेमके आपल्या बरणीत. पीएच ४.६ च्या खाली असला तर ते उगवत नाहीत. हा आकडा या सगळ्या धंद्याचा कणा आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियस माणसाच्या हातातून आणि नाकातून येतो. त्याला मीठ चालतं, आणि त्याने तयार केलेलं विष उकळूनही जात नाही. बॅसिलस सिरियसचे बीजाणू विशेषतः सुक्या मिरचीत असतात. सुक्या मिरचीत साल्मोनेलाही महिनोन्‌महिने तग धरून राहतो.

मिरचीतला तिखटपणा जंतू मारतो, हा समज सोडून द्या. कॅप्सेसिन काही सूक्ष्मजीवांची वाढ मंदावतं, पण माल सुरक्षित ठेवण्याइतकी त्याची ताकद नाही. जहाल तिखट मिरचीही तितक्याच सहजपणे बिघडते.

माल निवडताना मिरची फोडून बघा

बाहेरून चकचकीत आणि टणक दिसणारी मिरची आतून बुरशीने भरलेली असू शकते. फुलाच्या अवस्थेत आत शिरलेली बुरशी फळाच्या पोकळीत बियांवर वाढते आणि सालीवर तिचा मागमूसही नसतो. म्हणून प्रत्येक पोत्यातून वा पेटीतून वरच्या, मधल्या आणि तळाच्या मूठभर मिरच्या काढून उभ्या चिरायच्या. बी फिकट पिवळसर आणि आतला पांढरा पडदा कोरडा, स्वच्छ दिसला पाहिजे. बियांवर राखाडी किंवा काळा लोकरीसारखा थर असेल, बिया तपकिरी होऊन एकमेकींना चिकटल्या असतील, तर तेवढी मिरची बाजूला काढून भागत नाही. तो पूर्ण गट हाताने निवडावा लागतो किंवा परत करावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण मिक्सरमधून फिरवल्यावर हा दोष कुणालाच दिसत नाही, म्हणून ते आधीच करायचं.

सुक्या मिरचीबाबत आणखी काटेकोर राहायला हवं. नीट न वाळलेल्या मिरचीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. आंबवल्याने किंवा शिजवल्याने ते निघून जाईल यावर विसंबून राहता येत नाही. युरोपीय संघाने मिरचीवर्गीय मसाल्यांसाठी अफ्लाटॉक्सिन बी१ ला किलोमागे ५ मायक्रोग्रॅम आणि एकूण अफ्लाटॉक्सिनला १० मायक्रोग्रॅम अशी मर्यादा ठेवली आहे. विक्रीसाठी सुकी मिरची आंबवणाऱ्याने प्रत्येक खरेदीच्या गटाचा प्रयोगशाळेचा दाखला मागावा. घरच्यासाठी करणाऱ्याने डाग पडलेली, कुबट वासाची सुकी मिरची घेऊच नये.

धुताना आधी अख्खी मिरची धुवायची, मग देठ काढायचा. उलट केलं तर मळकं पाणी देठाच्या भोकातून आत जातं. देठाबरोबर हिरवी टोपीही काढा, तिच्या खाचेत माती बसते. वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुणं पुरेसं आहे. निर्जंतुक करण्याच्या भरात मिरची उकळू नका, नाहीतर कामाचे जीवाणूही मरतात.

मिठाचा हिशेब वजनाने

चमच्याने मीठ मोजू नका. बारीक मिठाचा चमचा आणि जाड्या मिठाचा चमचा यांच्या वजनात बराच फरक पडतो. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा घ्या.

मिरची वाटून लगदा करणार असाल तर हिशेब सोपा आहे. देठ काढलेल्या मिरचीच्या वजनाच्या २.५ ते ३ टक्के मीठ, म्हणजे १ किलोला २५ ते ३० ग्रॅम. अख्ख्या किंवा चिरलेल्या मिरचीवर मिठाचं पाणी घालताना मात्र पुष्कळांची गफलत होते. समजा, ६०० ग्रॅम मिरची आणि ४०० ग्रॅम पाणी आहे. ३ टक्क्यांचं पाणी हवं म्हणून ४०० ग्रॅम पाण्यात १२ ग्रॅम मीठ टाकलं, तर काही दिवसांनी मिरची आणि पाणी यांच्यात मीठ समान वाटलं जातं आणि प्रत्यक्षात उरतं जेमतेम १.२ टक्के. एवढ्या कमी मिठात मिरची मऊ पडते आणि नको त्या जीवाणूंना मोकळं रान मिळतं. हिशेब मिरची अधिक पाणी यांच्या एकूण वजनावर करायचा. इथे १००० ग्रॅमला ३ टक्के, म्हणजे ३० ग्रॅम मीठ त्या ४०० ग्रॅम पाण्यात विरघळवायचं.

मीठ वाढवलं की सुरक्षितता त्याच प्रमाणात वाढते, असं नाही. ५ टक्क्यांच्या पुढे लॅक्टिक आम्ल जीवाणू मंदावतात आणि पीएच उतरायला वेळ लागतो. दीर्घकाळ मुरवायच्या लगद्यात ८ ते २० टक्के मीठ वापरतात. तिथे टेट्राजेनोकोकस हॅलोफिलससारखे मीठप्रिय जीवाणू आणि काही यीस्ट काम करतात. पाण्याच्या भागात मीठ १० टक्क्यांच्या आसपास गेलं की बोट्युलिनम उगवू शकत नाही, पण स्टॅफिलोकोकस हवा मिळाली तर तिथेही वाढू शकतो. म्हणून जास्त मिठाचा लगदाही घट्ट दाबून, हवा न ठेवता भरायचा. पहिल्यांदा करणाऱ्याने ३ टक्क्यांच्या आसपास राहावं, असं मी सुचवेन. त्या मिठात चूक लवकर दिसते आणि माल लवकर आंबतो.

पाणी क्लोरीनयुक्त असेल तर उकळून गार करून वापरा. आयोडीनयुक्त मिठाने किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, थांबत नाही. मोकळं राहण्यासाठी मिठात घातलेल्या पदार्थांमुळे पाणी थोडं गढूळ दिसतं, एवढंच.

भरणं आणि जागा

काचेची किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकची बरणी घ्या. साध्या धातूची नको, कारण मीठ आणि आम्ल मिळून धातू खातात. बरणीत पाचवा भाग मोकळा ठेवा. पहिल्या दोन-तीन दिवसांत लगदा वायूने फुगून वर चढतो, आणि गच्च भरलेली बरणी बाहेर सांडते. लगदा भरताना चमच्याने दाबून आतले हवेचे खिसे काढा. तुकडे असतील तर वर वजन ठेवून सगळे पाण्याखाली राहतील असं बघा. पाण्याबाहेर डोकावणारा एक तुकडाही बुरशीला पुरतो. एअरलॉकचं झाकण (वायू बाहेर सोडणारं, पण हवा आत न घेणारं) सर्वांत सोयीचं. साधं झाकण असेल तर पहिले दिवस रोज क्षणभर सैल करून वायू सोडा.

तापमान १८ ते २४ अंश सेल्सिअस असावं. ३० अंशांच्या वर आम्लता लवकर येते, पण पहिली पाळी घाईत उरकते, सुगंध सपाट राहतो आणि मिरची लिबलिबीत होते. १५ च्या खाली सगळंच रेंगाळतं. ऊन लागू देऊ नका, उजेडात आणि हवेत लाल रंग विटतो.

कामाच्या वेळी हातमोजे घाला आणि लगदा वाटताना चष्मा लावा. हाताला तिखट लागलंच तर आधी तेल चोळून मग साबण लावा. कॅप्सेसिन नुसत्या पाण्याने निघत नाही.

पहिले चार दिवस

ताज्या मिरचीच्या लगद्याचा पीएच, ज्याला शेतीत सामू म्हणतात, साधारण ५ ते ५.५ असतो. पहिल्या दिवशी तो जेमतेम हलतो. दुसऱ्या दिवशी बुडबुडे सुरू होतात आणि आकडा खाली येऊ लागतो. तिसऱ्या दिवसाच्या शेवटी तो ४.६ च्या खाली असला पाहिजे. पाचव्या-सहाव्या दिवशी ४.२ च्या आत आणि दोन-तीन आठवड्यांत ३.५ ते ३.८ च्या दरम्यान तो स्थिरावतो. पीएचचं माप गुणाकाराचं आहे. ४.६ वरून ३.६ वर येणं म्हणजे हायड्रोजन आयन दहापट होणं. म्हणून एका दशांशाचा फरकही दुर्लक्षून चालत नाही.

माझा नियम कडक आहे: ७२ तासांत ४.६ च्या खाली. नाही उतरला तर तापमान तपासायचं, दोन-चार अंश उबदार जागी हलवायचं आणि रोज मोजत राहायचं. पाच दिवस पूर्ण झाल्यावरही ४.६ च्या वर असेल, तर तो माल टाकून द्यायचा. "थोडं व्हिनेगर घालून पीएच खाली आणू" हा मोह होतो. पण दरम्यानच्या दिवसांत स्टॅफिलोकोकसचं किंवा बोट्युलिनमचं विष तयार झालं असेल, तर आम्ल घालून ते नाहीसं होत नाही.

आम्लता रेंगाळण्याची कारणं ठरलेली असतात: गारठा, जास्त मीठ, क्लोरीनचं पाणी, किंवा मिरचीवर लॅक्टिक आम्ल जीवाणूच नसणं. शेवटचं कारण सुक्या मिरचीत हमखास भेटतं. वाळवताना हे जीवाणू बहुतेक मरतात आणि बॅसिलसचे चिवट बीजाणू तेवढे उरतात. म्हणून सुकी मिरची नुसत्या मिठाच्या भरवशावर आंबवू नये. उकळत्या पाण्यात भिजवून साल्मोनेलासारखे जीवाणू मारा, गार करा, मग बाहेरून विरजण द्या. पाकिटातलं लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम घ्या, म्हणजे ग्रॅममागे १० लाख ते १ कोटी जिवंत पेशी पडतील. ते नसेल तर आधीच्या चांगल्या घाण्याचं (एका वेळी लावलेल्या मालाचं) पाणी वजनाच्या २ ते ५ टक्के घाला. मात्र ज्याचा पीएच ३.८ च्या खाली आहे, ज्यावर यीस्टची पांढरी साय नव्हती आणि ज्याची नोंद तुमच्याकडे आहे, अशाच घाण्याचं पाणी घ्यायचं. तेच ते विरजण अनंत काळ पुढे ढकलू नये. दर वेळी त्यात यीस्ट थोडं वाढतं, आणि जीवाणूंना मारणारे विषाणूही साठत जातात.

पीएच मोजायचा तर असा

कागदी पट्ट्या इथे निरुपयोगी आहेत. मिरचीचा लाल रंग पट्टीत मुरतो आणि पट्टीचा खरा रंग कोणता तेच कळत नाही. ०.०१ पर्यंत वाचणारा, दोन बिंदूंवर जुळवता येणारा पीएच मीटर घ्या. या सगळ्या उद्योगात एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील, तर ते यावर करा.

मोजायच्या दिवशी मीटर ७.०० आणि ४.०१ च्या प्रमाण द्रावणात जुळवून घ्या. कालचं जुळवणं आज धरायचं नाही. दोन्ही द्रावणं आणि नमुना एकाच तापमानाला, शक्यतो २५ अंशांच्या जवळ असू द्या. एका द्रावणातून दुसऱ्यात जाताना इलेक्ट्रोड (मीटरचं काचेचं टोक) ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याने धुवा आणि मऊ कागदाने टिपा. घासू नका, घासल्याने काचेवर विद्युतभार बसतो आणि आकडा भरकटतो.

नमुना वरून, मधून आणि तळातून, स्वच्छ चमच्याने घ्या. तुकडे असतील तर तुकडे आणि पाणी एकत्र मिक्सरमधून काढा. नुसत्या पाण्याचा पीएच ३.९ दिसत असताना जाड मिरचीच्या आत तो ४.५ असू शकतो, आणि सुरक्षितता आतल्या आकड्यावर ठरते. लगदा फार घट्ट असेल तर १०० ग्रॅमला १० ते २० मिली ऊर्ध्वपातित पाणी चालतं. तेल असेल तर आधी वेगळं काढा, त्याचा थर इलेक्ट्रोडवर बसतो. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. घट्ट लगद्यात एक-दोन मिनिटं लागतात, आणि घाईत वाचलेला पहिला आकडा सहसा चुकीचा असतो. मोजलेला नमुना परत बरणीत टाकू नका. काम झाल्यावर इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडच्या साठवण द्रावणात ठेवा. ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवलेला इलेक्ट्रोड लवकर निकामी होतो.

साय, बुरशी आणि वास

वर पांढरट, सपाट, सुरकुतलेला, मळकट चमक असलेला थर आला, तर ती सहसा यीस्टची साय. पिचिया, कँडिडा, डेबॅरिओमायसिस अशी हवा लागली की वाढणारी यीस्ट ती धरतात. बोटाने ढकलली तर ती कागदासारखी दुमडते, तिला केस नसतात. साय स्वतः विषारी नसते, पण ती लॅक्टिक आम्ल खाते, आणि खरा धोका तोच आहे. आठवडेच्या आठवडे साय तशीच ठेवली तर वरच्या थराचा पीएच चढत जातो आणि बुरशीला वाट मोकळी होते. साय दिसली की काढा, बरणीच्या कडा मिठाच्या पाण्याने पुसा, वरच्या थराचा पीएच मोजा आणि हवा कुठून येते ते शोधा. वरचा पीएच ४ च्या आत असेल तर माल वापरता येतो, पण आता तो मुरवत न ठेवता लवकर पुढच्या टप्प्याला न्या.

केसाळ, उंचावलेला, हिरवा, निळा, काळा किंवा राखाडी ठिपका म्हणजे बुरशी. वरचा भाग काढून खालचा वापरावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मान्य नाही. लगद्यात तंतू दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात, आणि बुरशीचं विष ओल्या मालात पसरतं. पूर्ण बरणी टाका. गुलाबी, बुळबुळीत थर आला तरीही तेच. तो बहुधा रोडोटोरुलासारख्या यीस्टचा असतो आणि मीठ सगळीकडे सारखं मिसळलं गेलं नाही याची ती खूण आहे.

वासावरून सगळं कळत नाही, पण बरंच कळतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत हलका गंधकासारखा वास येऊन जाणं स्वाभाविक आहे. नेलपॉलिशसारखा वास म्हणजे यीस्टने केलेलं एथिल ॲसिटेट, हवा जास्त लागतेय. ओकारीसारखा, कुजक्या चीजसारखा वास म्हणजे ब्युटिरिक आम्ल. तिथे क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जीवाणूंनी हात धुवून घेतलेले असतात, आणि पीएच कितीही असो, तो माल ठेवायचा नाही. चमचा उचलल्यावर तार सुटत असेल तर ते ल्युकोनोस्टॉकने साखरेपासून केलेलं डेक्स्ट्रान असू शकतं, आणि पीएच नीट उतरत असेल तर ते पुढे विरतं. तार आणि घाण वास एकत्र आले, तर मात्र फेकायचं.

लसूण घातला आणि तो निळा-हिरवा झाला, तर घाबरू नका. आम्लात लसणातल्या गंधकयुक्त घटकांची ती रासायनिक क्रिया आहे.

लसूण, फळं आणि तेल

मिरचीबरोबर लसूण, कांदा, गाजर किंवा फळ घालायचं असेल तर ते सुरुवातीलाच घाला आणि त्याचंही वजन मिठाच्या हिशेबात धरा. आंबून झालेल्या लगद्यात नंतर कच्चा लसूण किंवा साखर घातली, तर पीएच वर सरकतो आणि किण्वन नव्याने सुरू होतं. बंद बाटली फुटण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे.

तेलाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. वर तेलाचा थर घातला की माल टिकतो, हे अर्धसत्य आहे. तेलामुळे हवा तुटते, त्यामुळे बुरशी येत नाही. पण बोट्युलिनमला हवा नकोच असते. तेलाखालच्या ओल्या मिरचीचा किंवा लसणाचा पीएच ४.६ च्या वर असेल, तर आपण त्याच्यासाठी उत्तम घर बांधलेलं असतं. म्हणून तेल घालण्याआधी पीएच मोजा, आणि तो ४ च्या खाली असेल तरच पुढे जा.

सोयाबीन किंवा मासे घालून मिरची आंबवत असाल तर जैव अमाइन्सकडे लक्ष ठेवा. काही जीवाणू प्रथिनांतल्या अमिनो आम्लांपासून हिस्टामिन आणि टायरामिन बनवतात. शिजवून हिस्टामिन जात नाही. स्वच्छ कच्चा माल, लवकर उतरणारा पीएच, अमाइन न बनवणारं तपासलेलं विरजण आणि थंड साठवण हेच उपाय आहेत.

सॉस करणं आणि भरणं

आंबलेला लगदा वाटा, हवा तर गाळा, आणि व्हिनेगरने पीएच ३.८ किंवा खाली आणा. व्हिनेगर घातल्यावर लगेच मोजलेला आकडा अंतिम धरू नका. जाड तुकड्यांत आम्ल मुरायला वेळ लागतो, २४ तासांनी पुन्हा मोजा. पाणी आणि गर वेगळे होत असतील तर सॉस दाट करणारा झँथन गम ०.१ ते ०.३ टक्के पुरे.

आता ठरवा: जिवंत सॉस हवा की स्थिर? जिवंत सॉस ४ अंशांच्या आसपास फ्रिजमध्येच ठेवायचा, आणि बाटलीत वायू साठेल हे गृहीत धरायचं. बाहेर ठेवायचा असेल तर तापवा. पीएच ३.८ च्या खाली असलेला सॉस मध्यापर्यंत ८५ अंश तापवून, त्याच तापमानाला गरम बाटलीत भरा, झाकण लावा, बाटली तीन मिनिटं उलटी ठेवा म्हणजे झाकणाची आतली बाजूही तापेल, मग गार करा. तापमान भांड्याच्या कडेला न मोजता मध्यभागी मोजा. या तापमानाला बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू मरत नाहीत. त्यांना कमी पीएचच झोपवून ठेवतो. म्हणून "उकळलंय ना, मग पीएच कशाला" हा युक्तिवाद टिकत नाही.

बेंझोएट आणि सॉर्बेट ही संरक्षकं आम्लातच काम करतात. बेंझोइक आम्लाचा ४.२ पीएचला निम्मा भाग कामाच्या रूपात असतो, ३.६ ला सुमारे ८० टक्के आणि ५.२ ला जेमतेम ९ टक्के. आम्लता कमी असताना संरक्षक ओतत राहणं म्हणून व्यर्थ आहे. कमाल मर्यादा प्रत्येक देशाच्या कायद्यात दिलेली असते, ती पाहूनच घाला. झायगोसॅकरोमायसिस बेली हे यीस्ट ही दोन्ही संरक्षकं पचवून सॉसमध्ये वाढतं. त्याला रोखायचं तर भरण्याची यंत्रं, नळ्या आणि झाकणं स्वच्छ ठेवणं आणि नीट तापवणं याला पर्याय नाही.

विकणाऱ्यांसाठी: तपासण्या आणि नोंदी

पीएचबरोबर एकूण आम्लताही मोजावी. पीएच सारखा असलेल्या दोन घाण्यांची चव वेगळी का लागते, ते त्यातून कळतं. १० ग्रॅम नमुना ऊर्ध्वपातित पाण्यात पातळ करून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घाला. लाल रंगात फिनॉल्फ्थॅलिन या रंगदर्शकाचा गुलाबी रंग दिसत नाही, म्हणून मीटर लावून पीएच ८.२ ला थांबा. ९ मिली लागलं तर ९ × ०.१ × ०.०९ × १०० ÷ १० = ०.८१ टक्के, लॅक्टिक आम्लाच्या हिशेबात.

जीवाणू मोजायचे तर एमआरएस आगर (लॅक्टिक आम्ल जीवाणू वाढवायचं घट्ट माध्यम) वापरतात, हवाविरहित डब्यात, ३० अंशांना ४८ ते ७२ तास. ३० ते ३०० वसाहती असलेली थाळी मोजायची. एक लाखपट पातळ केलेल्या द्रवाचे ०.१ मिली पसरून १५० वसाहती आल्या, तर मूळ नमुन्याच्या मिलीत १५ कोटी जीवाणू होते. ऐन भरात असलेल्या घाण्यात १० कोटींच्या आसपास अपेक्षित असतात. वसाहत आपल्याच गटातली आहे का हे पाहायला एक सोपी चाचणी आहे. काचपट्टीवर वसाहतीचा ठिपका घेऊन ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाका. लॅक्टिक आम्ल जीवाणूंवर फेस येत नाही. लगेच फेस आला तर बॅसिलस, स्टॅफिलोकोकस किंवा यीस्ट असण्याची शक्यता आहे. ४०० पट मोठं दाखवणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकातही यीस्टच्या अंडाकार, अंकुर फुटलेल्या पेशी ओळखू येतात. साल्मोनेला, बीजाणू आणि अफ्लाटॉक्सिन यांच्या तपासण्या मात्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच करून घ्या. रोगजंतू घरी वाढवून बघण्याची गोष्ट नाही.

प्रत्येक घाण्याला एक क्रमांक द्या. त्याखाली मिरचीचा पुरवठादार व गट, मिरची, मीठ आणि पाणी यांची वजनं, जागेचं तापमान, ०, २४, ४८, ७२ तासांचा आणि नंतर आठवड्याचा पीएच, मीटर कधी जुळवला, भरतानाचं तापमान आणि अंतिम पीएच लिहा. मिठाचं वजन, ७२ तासांचा पीएच, भरतानाचं तापमान आणि अंतिम पीएच या चार आकड्यांना आधीच मर्यादा ठरवून ठेवा. त्यांपैकी एक जरी हुकला तरी घाणा अडवून ठेवायचा, आणि तो अडवण्याचा अधिकार मोजणाऱ्या माणसालाच द्यायचा. विक्रीची घाई असलेल्या माणसाकडे तो अधिकार गेला की मर्यादा हळूहळू सैल होत जातात.

प्रत्येक घाण्याच्या किमान दोन बाटल्या राखून ठेवा, एक नेहमीच्या तापमानाला आणि एक ३० ते ३५ अंशांना. उबेतली बाटली दोन-तीन आठवडे रोज पाहा. झाकण फुगलं, बाटलीत बुडबुडे वर चढताना दिसले किंवा पीएच ०.२ ने सरकला, तर आत काहीतरी जिवंत आहे, आणि तो क्रमांक दुकानात जाण्याआधी थांबवता येतो. नेहमीच्या तापमानाची बाटली मालाच्या टिकण्याच्या मुदतीपर्यंत ठेवा. ग्राहकाची तक्रार आली तर त्याची बाटली आणि ही बाटली शेजारी ठेवून दोन्हींचा पीएच मोजा. आकडे जुळले नाहीत तर आधी साठवणुकीची आणि झाकणाची चौकशी करा. राखलेल्या बाटलीचाही पीएच चढलेला असेल, तर दोष घाण्यातच आहे, आणि त्या क्रमांकाच्या सगळ्या बाटल्या परत मागवायच्या.